'बी.ए. (नापास)' : न मिळालेल्या पदवीचा इतिहास

मागच्या वेळी आपण 1857 पर्यंत आलो होतो. कलकत्ता, मुंबई, मद्रास ही तीन विद्यापीठं त्या साली निघाली. आज बोलायचं ते त्यांच्या पदवीबद्दल, आणि त्याहून जास्त न मिळालेल्या पदवीबद्दल.

इंग्रजी अमदानीतल्या नोकरीच्या अर्जांत एक नमुना नेहमी भेटतो. नाव, आणि पुढं 'बी.ए. (नापास)'. इंग्रज साहेबांनी याची भरपूर टिंगल केली आणि आपणही त्यांच्याबरोबर हसत आलो. पण बघा, हा माणूस सांगतोय काय? मी मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो, शेवटच्या परीक्षेला बसलो, पडलो. चारही गोष्टी खऱ्या. आम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, पण पाच अक्षरांत एवढी माहिती देणारी विधानं आम्हाला फार सापडली नाहीत.

हे पडणंही कसं होतं पाहा. कलकत्त्याची पहिली बी.ए. परीक्षा 1858 ची. नियमाप्रमाणे एकही जण उत्तीर्ण झाला नाही! बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस हे दोघं सहापैकी पाच विषयांत पास, सहाव्यात थोडक्यात गेलेले. कमी पडलेले गुण सातापेक्षा जास्त नव्हते. तेवढे गुण कृपा म्हणून देऊन दोघांना पदवी दिली गेली. आणि दिली ती झाकून नाही, विद्यापीठाच्या दप्तरात तशी नोंद करून. त्याच वर्षी बंकिमबाबू डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले. पुढं कादंबरीकार म्हणून ते कुठं पोचले ते आपल्याला ठाऊक आहेच. सात गुणांनी त्यांची बुद्धी वाढली नव्हती आणि ते नसते तर कमीही झाली नसती.

आता, त्या पिढीला देवमाणसं ठरवायची घाई नको. खोटं बोलणं तेव्हा महाग होतं. पदवीधर मूठभर. त्यांची नावं विद्यापीठाच्या कॅलेंडरात छापून येत. कुणी 'बी.ए.' म्हणून मिरवला तर साहेब पुस्तक उघडून पाही. शिवाय अर्धवट शिक्षणालाही किंमत होती. 1844 सालीच हार्डिंगच्या सरकारनं इंग्रजी शिकलेल्यांना नोकरीत प्राधान्य द्यायचं ठरवलं होतं. त्यामुळं नापास बी.ए.लाही कारकुनी नाहीतर शाळामास्तरकी मिळून जाई. आपल्याकडं तर व्हर्नॅक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, एवढ्यावर माणसं सन्मानानं मास्तर होत.

म्हणजे खरं सांगूनही चूल पेटत होती. आमच्या मते सगळी गोम इथंच आहे.

'गुणवत्ता घसरली' ही ओरड काही आजची नाही. विद्यापीठं घोकंपट्टीचे कारखाने झालीत, असं कर्झनच्या वेळीही म्हणत होते. त्यातूनच 1904 चा विद्यापीठ कायदा आला. (त्यात सरकारी लगाम आवळण्याचा डाव होता, तो वेगळा विषय.) पुढं पदवीधर वाढले, जागा तेवढ्या वाढल्या नाहीत, आणि मालक लोकांनी सोपी चाळणी लावली : पदवी आहे की नाही? एकदा अशी चाळणी लागली की सात गुणांनी गेलेला आणि कॉलेजचं तोंडही न पाहिलेला एकाच टोपलीत पडतात. मग खरं सांगणाऱ्याचा फायदा काय?

आपल्याच राज्यात 2019-20 च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघड झालं आणि साडेसात हजारांवर उमेदवारांवर कारवाई झाली. बंकिमबाबूंचे गुणही वाढवलेच होते की! फरक एवढाच की तिथं ते दप्तरात लिहून ठेवले होते. वर्गावर अशी माणसं गेली की गुणवत्ता घसरतेच. पण ती कागदावर आधी घसरते, वर्गात मागाहून.

आज मालकांचा कागदावर भरवसा नाही, म्हणून ते स्वतःच्या वेगळ्या चाचण्या घेतात. 2015 पासून डिजिलॉकर आहे, कागद अस्सल की बनावट हे झटक्यात कळतं. मात्र बहुतेक ऑनलाइन अर्जांत शिक्षणाच्या रकान्यात दोनच पर्याय असतात : 'उत्तीर्ण' आणि 'निकालाच्या प्रतीक्षेत'. शेवटच्या वर्षापर्यंत शिकून एका विषयात राहिलेल्या मुलीनं खरं लिहायचं म्हटलं, तर ते लिहायला तिथं जागाच नाही.