आजोबांच्या स्वेटरचं वय

गेल्या डिसेंबरात आईनं ट्रंक उपसली. विष्णुपुरीत थंडी मोजकेच दिवस असते, पण धरणाकडून येणारं वारं संध्याकाळी चांगलंच झोंबतं. भांडेवालीला द्यायच्या ढिगात आजोबांचा बिनबाह्यांचा स्वेटर निघाला. तपकिरी, छातीवर चौकोनांच्या आणि चांदण्यांच्या आडव्या रंगीत ओळी. तो घालून मी ग्रुपवर फोटो टाकला. पहिलं उत्तर आलं, "काय म्हातारबा, पेन्शन जमा झाली का?"

ही नक्षी म्हाताऱ्यांची कधीपासून झाली, ते शोधायला बसलो.

तिचं मूळ गाव फेअर आयल. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंडच्या मध्ये असलेलं चिमुकलं बेट. तिथल्या बायका असं विणकाम करायच्या आणि जवळून जाणाऱ्या जहाजांवर ते देऊन बदल्यात सामान घ्यायच्या. आपल्या भांडेवालीसारखाच व्यवहार, फक्त कपडे नवे.

नक्षी गुंतागुंतीची दिसते, पण नियम सोपा आहे: एका ओळीत दोनच रंग. प्रत्येक टाका या रंगाचा, नाहीतर त्या. ज्या धाग्याचं काम नसेल तो मागच्या बाजूनं पुढे न्यायचा. म्हणून कापड दुपदरी होतं आणि जास्त ऊब देतं. माझं पोट कोडिंगवर चालतं. शून्य आणि एकच्या या ओळी मला लगेच वाचता आल्या.

मच्छीमारांच्या बेटावरची ही नक्षी फॅशन झाली ती 1922 मध्ये. इंग्लंडचा युवराज एडवर्ड सेंट अँड्र्यूजला असा स्वेटर घालून गोल्फ खेळला आणि तरुणांमध्ये त्याची लाट आली. एडवर्ड तेव्हा 28 वर्षांचा होता. जवळपास माझ्याच वयाचा.

हाच एडवर्ड 17 नोव्हेंबर 1921 ला मुंबईत उतरला होता. त्याच दिवशी गांधीजींनी मुंबईत परदेशी कापडाची होळी केली. शहरात दंगल उसळली. ज्या पाहुण्यावर बहिष्कार घातला, त्याच्याच आवडीची नक्षी पुढे आपल्या धोतर-टोपीवाल्या आजोबांच्या अंगावर आली.

पण ती नांदेडला आली विलायतेहून नाही. लुधियान्यात होजिअरीचे कारखाने वाढले, यंत्रावर असे स्वेटर निघू लागले. 1959 नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांपैकी अनेकांनी हिवाळ्यात गावोगावी स्वेटर विकायला सुरुवात केली. माल बराचसा लुधियान्याचा. आपली सचखंड एक्सप्रेस आजही लुधियान्यावरूनच अमृतसरला जाते.

आजी सांगते, आजोबांनी हा स्वेटर नांदेडात एका तिबेटी बाईकडून घेतला. मास्तरकी लागून दोन-तीन वर्षं झाली होती, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. दोन महिने पैसे बाजूला टाकले होते. "लई ऐटीत घालून फिरायचे," आजी म्हणाली. नंतर त्यांनी दुसरा घेतलाच नाही. बगलेत उसवला तेव्हा आजीनं मिळाली त्या हिरव्या लोकरीनं तो सांधला.

नक्षी म्हाताऱ्यांची नव्हतीच. तरुणपणी घेतलेला एकच स्वेटर ती माणसं म्हातारपणापर्यंत वापरत राहिली. आपण त्यांना पाहिलं ते शेवटी शेवटी.

स्वेटर मी ढिगातून काढून घेतला. त्याच्या बदल्यात आईला स्टीलचा डबा मिळणार होता. तो मी विकत आणून दिला.