जुळे मॉनिटर आणि सोनेरी केबल

गेमिंगसाठी दोन स्क्रीन लावायच्या म्हटल्या की सल्ला ठरलेला असतो. मॉनिटर एकाच मॉडेलचे दोन घ्या आणि केबल दुकानातली सगळ्यात भारी घ्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, हेच कानावर पडते, आणि महिनोन्‌महिने पैसे साठवणारी मुले ते खरे मानतात. हा सल्ला दोन्ही अंगांनी चुकीचा आहे.

पूर्वपक्ष पोकळ नाही, हे आधी मान्य करू. जुळ्या मॉनिटरांचे रंग आणि उंची जुळते. शिवाय १४४ हर्ट्झच्या शेजारी ६० हर्ट्झचा मॉनिटर लावून त्यावर व्हिडिओ सुरू ठेवला, की विंडोजमध्ये मुख्य स्क्रीनही अडखळायची. तक्रार खरी होती. पण २०२० च्या मे महिन्यातल्या विंडोज १० अपडेटने भिन्न रिफ्रेश रेटच्या मॉनिटरांची हाताळणी सुधारली. कारण बहुतांशी उरले नाही, सल्ला मात्र उरला.

आता मूळ प्रश्न. गेम किती स्क्रीनवर चालतो? एका. तिथे ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंदांनी. हा फरक नेमबाजीच्या खेळात हाताला जाणवतो. दुसऱ्या स्क्रीनवर असतो डिस्कॉर्ड, एखादा नकाशा, नाहीतर स्ट्रीमिंगची खिडकी. चॅटमधला मजकूर सेकंदाला १४४ वेळा रंगवून कोणाचा नेम सुधारणार आहे? त्यापेक्षा सगळे बजेट २७ इंची, १४४०पी मुख्य मॉनिटरवर लावावे आणि शेजारी घरातलाच जुना २४ इंची १०८०पी ठेवावा. खिडकी एकीकडून दुसरीकडे ओढताना तिचा आकार थोडा बदलेल, एवढेच. रेसिंग किंवा विमानाच्या सिम्युलेटरचे दृश्य सगळ्या स्क्रीनवर पसरवणाऱ्यांना मॉनिटर सारखे लागतात हे खरे, पण दोन स्क्रीनची चौकट नेमकी समोरच्या रस्त्यावर येते. म्हणून ते तीन लावतात. जोडीचा आग्रह तिथेही टिकत नाही.

केबलचा भ्रम अधिक चिवट आहे, कारण तो एके काळी खरा होता. व्हीजीएच्या दिवसांत हलक्या केबलने अक्षरांना सावल्या पडत. सिग्नल अॅनालॉग होता. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टमधून शून्य आणि एक जातात. केबल कमी पडली तर रंग फिके होत नाहीत. ठिपके चमकतात, किंवा स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. मग दुप्पट किमतीने रंग खुलतील कसे? सोन्याचा मुलामा गंजत नाही, हा त्याचा गुण. वीज मात्र सोन्यापेक्षा तांब्यातून चांगली वाहते.

पाहायचे असते ते माहितीचे प्रमाण. २५६० बाय १४४० चे चित्र, १४४ हर्ट्झ, २४ बिट रंग: गुणाकार करा, सेकंदाला सुमारे १२.७ गिगाबिट होतात, आणि वर थोडा तांत्रिक भार. एचडीएमआय १.४ ची एकूण मर्यादाच १०.२. एचडीएमआय २.० च्या १८ पैकी चित्राच्या वाट्याला १४.४ येतात, म्हणजे जेमतेम. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये २५.९२ मिळतात, म्हणजे ऐसपैस. निर्णय इथे होतो, वेष्टनावरच्या चकाकीत नाही.

त्या वेष्टनावरच्या ‘२.१’ या आकड्यानेही काही सिद्ध होत नाही. एचडीएमआयच्या परवाना संस्थेच्या नियमानुसार केबलची ओळख आवृत्तीच्या आकड्याने करायचीच नसते. तिथे स्कॅन करता येणारे ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लेबल शोधा; ती केबल ४८ गिगाबिटसाठी तपासलेली असते. डिस्प्लेपोर्टच्या सदोष केबलींत विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. त्या वाटेने मॉनिटरची वीज ग्राफिक्स कार्डात शिरते आणि कधी कधी संगणक सुरूच होत नाही. महाग केबलमध्येही हा दोष असू शकतो.

वाचकहो, निवाडा तुमच्याकडे. फक्त नवे काही विकत घेण्याआधी पाहा: केबल मदरबोर्डऐवजी ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडले आहे ना. नवा मॉनिटर अनेकदा ६० वरच सुरू होतो, आणि कोणी बदलेपर्यंत तिथेच राहतो.