सपाट पडदा आणि दारातला प्रेक्षक

१/ २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावर प्रक्षेपक उभा राहिला आणि पुण्यातल्या गच्च्यांवरील अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या काळी आळीत एखाद्याच घरी संच असे. शेजारीपाजारी थेट उंबरठ्यापर्यंत दाटीने बसत. आज भिंतीवर टांगल्या जाणाऱ्या सपाट पडद्याचा इतिहास या दारातल्या प्रेक्षकाशी जोडलेला आहे. हा धागा त्याचाच.

२/ जुना संच इतका खोल का असे? काचेच्या नळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनचा झोत सुटे आणि तो सबंध पडद्यावर फिरवण्यासाठी अंतर लागे. त्यामुळे संच बहुधा खोलीच्या कोपऱ्यात विराजमान होई. मात्र पडद्यावरचा फॉस्फरचा लेप सर्व दिशांना प्रकाश फेकी. घरमालकाला जे दिसे, तेच दारातल्यालाही दिसे.

३/ सपाट पडद्याची मुळे याहून जुनी आहेत. १८८८ मध्ये प्राग येथे फ्रीडरिक रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाला दोन वितळणबिंदू असल्याचे आढळले. त्या दोहोंमध्ये ते द्रवासारखे वाही, पण त्याचे प्रकाशीय गुण स्फटिकाचे असत. हेच द्रवस्फटिक.

४/ १९६८ मध्ये अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने द्रवस्फटिकाचा पडदा जगासमोर मांडला. पण कंपनीने तो धंदा पुढे नेला नाही. इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी खोलीच्या तापमानालाही टिकणारी द्रवस्फटिके घडवली. जपानच्या शार्पने १९७३ मध्ये द्रवस्फटिकी पडद्याचा खिशातला गणकयंत्र-संच विकायला आणला आणि १९८८ मध्ये १४ इंची रंगीत पडदा दाखवला.

५/ पण येथे एक अडचण उभी राहिली. द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखे असतात. त्यांच्यातून समोर येणारा प्रकाश आणि तिरका जाणारा प्रकाश सारखा राहत नाही. बाजूने पाहिले की चित्र फिके पडे, कधी रंगच उलटे दिसत. पडदा सपाट झाला, पण दारातला प्रेक्षक वंचित झाला.

६/ त्यावरील एका उपायाचे बीज भारतात रुजले होते. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. त्यांनी नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले. १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांसह चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक बनते, हे दाखवून दिले. तो शोधनिबंध ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

७/ चकतीचे प्रकाशीय वर्तन काडीच्या उलट असते. म्हणून काडीमुळे तिरक्या प्रकाशात येणारा दोष चकती भरून काढू शकते. १९९०च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने चकतीरूपी रेणूंचा पातळ थर असलेली फिल्म तयार केली. ती पडद्यावर बसवल्यावर बाजूनेही चित्र नीट दिसू लागले.

८/ आज संच निवडताना हाच इतिहास कामी येतो. ‘व्हीए’ प्रकारच्या पडद्यावर काळा रंग गडद दिसतो, पण बाजूने चित्र फिकटते. ‘आयपीएस’मध्ये काळा रंग थोडा करडा, मात्र बाजूचे दृश्य चांगले. ‘एलईडी टीव्ही’ म्हणजेही द्रवस्फटिकच, फक्त मागे एलईडीचा उजेड. ‘ओएलईडी’मध्ये मात्र प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरा काळा आणि बाजूचे दृश्यही उत्तम.

९/ इंचाचे मापही वारशाने आलेले आहे. आरंभीच्या नळ्या गोल असल्याने व्यास मोजत. पडदा चौकोनी झाल्यावर कर्ण मोजू लागले. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद व ५४ सेंटिमीटर उंच असतो. त्याने दृष्टीचा सुमारे ३०° कोन व्यापावा असे वाटत असेल, तर बैठक पावणेदोन ते दोन मीटरवर हवी. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ असावा आणि समोर खिडकी नसावी. भारतीय बैठक घातली तर ही पातळी आणखी खाली येते.

१०/ संच टांगण्याआधी एक कसोटी जरूर घ्यावी. घरातली माणसे सणावाराला जिथे जिथे बसतात, तिथे तिथे बसून पाहावे, शेवटी दाराशी. तिथूनही चित्र स्वच्छ दिसले, तर जागा योग्य. प्रागची प्रयोगशाळा, हलचे विद्यापीठ आणि नागपुरात शिकलेल्या एका शास्त्रज्ञाची चकती, या सर्वांचे श्रम त्या दारातल्या माणसापर्यंत पोहोचलेले असतात.