मायक्रोप्रोसेसरवरील खुणा

मायक्रोप्रोसेसरवरील खुणा म्हणजे मायक्रोप्रोसेसरच्या (सूक्ष्मप्रक्रियकाच्या) वेष्टनावर निर्मात्याने छापलेली किंवा कोरलेली अक्षरे, अंक व चिन्हे होत. त्यांवरून निर्माता, प्रकार, घड्याळगती आणि उत्पादनाचा काळ ठरविता येतो. जुना संगणक दुरुस्त करताना, संग्रहासाठी नोंद करताना किंवा भंगारातील सुटे भाग निवडताना या खुणा हाच बहुधा मुख्य पुरावा असतो. मात्र सर्वांत ठळक ओळ सर्वांत विश्वसनीय असतेच असे नाही.

भाग क्रमांक

भाग क्रमांकात साधारणपणे वेष्टनाचे अक्षर, मूळ प्रकार आणि गती असा क्रम असतो. ‘ए८०४८६डीएक्स२-६६’ या इंटेलच्या क्रमांकात ‘ए’ म्हणजे पिनांच्या जाळीचे सिरॅमिक वेष्टन, ‘८०४८६डीएक्स२’ हा प्रकार आणि ‘६६’ ही मेगाहर्ट्झमधील गती होय. इंटेलच्या जुन्या भागांवर ‘पी’ हे अक्षर दोन रांगांच्या प्लॅस्टिक वेष्टनासाठी, तर ‘डी’ हे तशाच सिरॅमिक वेष्टनासाठी वापरले जाई. मोटोरोलाच्या ‘एमसी६८०००पी८’ मध्ये ‘पी’ प्लॅस्टिक वेष्टन व ‘८’ ही गती दर्शवितो. ‘एमसी’ऐवजी ‘एक्ससी’ असल्यास तो भाग नियमित उत्पादनापूर्वीचा असतो.

नावातील अंक नेहमीच गती सांगत नाहीत. सायरिक्सचा ‘६एक्स८६ पी१६६+’ प्रत्यक्षात १३३ मेगाहर्ट्झवर चालतो. १६६ हा अंक तुलनात्मक कामगिरीचा आहे. इंटेलचा डीएक्स४ मदरबोर्डची गती चौपट नव्हे, तर तिप्पट करतो.

वर्ष व आठवडा

प्रताधिकाराच्या चिन्हापुढील वर्ष आराखड्याचे असते, उत्पादनाचे नव्हे. त्यामुळे ‘१९८५’ असे छापलेला ८०३८६ पुढे अनेक वर्षांनीही तयार झालेला असू शकतो. उत्पादनकाळ बहुधा चार अंकी संकेतात असतो. ‘८७३२’ म्हणजे १९८७ सालचा ३२ वा आठवडा. इंटेलच्या ८०४८६ व नंतरच्या भागांवरील तुकडी क्रमांकात पहिले चिन्ह कारखान्याचे, दुसरे वर्षाच्या शेवटच्या अंकाचे आणि पुढील दोन आठवड्याचे असते. ‘एल४१७’ अशी सुरुवात असलेला डीएक्स२ मलेशियात १९९४ च्या १७ व्या आठवड्यात तयार झालेला ठरतो. येथे दशक छापलेले नसते. तो प्रकार १९९२ मध्ये बाजारात आला यावरून ते निश्चित होते.

दोष व आवृत्ती

एकाच प्रकाराच्या निरनिराळ्या आवृत्त्या बारीक खुणांवरून ओळखता येतात. ८०३८६ च्या सुरुवातीच्या काही नगांत ३२-बिट गुणाकार चुकत असल्याचे १९८७ मध्ये आढळले. त्यानंतर चाचणीत उत्तीर्ण झालेल्या नगांवर दोन सिग्मा चिन्हे, तर सदोष नगांवर ते फक्त १६-बिट सॉफ्टवेअरसाठी असल्याची सूचना छापण्यात आली. १९९४ मध्ये गाजलेल्या पेंटियमच्या भागाकार-दोषाची आवृत्तीही इंटेलच्या ‘एसएक्स’ने सुरू होणाऱ्या संकेतावरून कळू शकते.

पुण्यातील परम संगणकांचे प्रोसेसर

पुण्याच्या सी-डॅक (स्थापना १९८८) या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तयार केलेला परम ८००० हा महासंगणक ब्रिटनमधील इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटरांवर आधारित होता. या मालिकेतील ‘आयएमएस टी८००-जी२०एस’ या क्रमांकात ‘आयएमएस’ हे निर्मात्याचे चिन्ह, ‘जी’ हे ८४ पिनांचे वेष्टन आणि ‘२०’ ही मेगाहर्ट्झमधील गती आहे. असा भाग घरगुती संगणकांच्या प्रोसेसरांच्या यादीत सापडत नाही.

पुढील परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० वापरला गेला. त्याचा भाग क्रमांक ‘८०८६०’ असल्याने शेवटचे शून्य पुसट झाल्यास तो १९७८ चा ८०८६ वाटू शकतो. प्रत्यक्षात हे दोन्ही भाग परस्परांशी सुसंगत नाहीत. ८०८६ ला ४० पिना असतात, तर आय८६० च्या मूळ रूपाला १६८. त्यामुळे पिना मोजल्यास गोंधळ टळतो.

पडताळणी व सावधगिरी

पिनांची संख्या हा स्वतंत्र पुरावा असला, तरी तो एकटा पुरेसा नसतो. झेड८०, ६५०२ व ८०८५ या तिन्हींना ४० पिना आहेत. १९९० च्या दशकात कमी गतीच्या भागांवरील छपाई खोडून जास्त गती छापण्याचे प्रकार घडले. म्हणून वरची व खालची बाजू, छपाई आणि तारखा परस्परांशी जुळतात का हे पाहिले जाते. काही छपाई शाईची असल्याने सफाईपूर्वी छायाचित्र घेणे इष्ट असते.

चुकीची ओळख महागात पडू शकते. डीएक्स२ सामान्यतः ५ व्होल्टवर, तर डीएक्स४ सुमारे ३.३ व्होल्टवर चालतो. दोहोंना १६८ पिना असल्याने डीएक्स४ जुन्या मदरबोर्डवर बसतो, पण दाब कमी करणारी सोय नसल्यास जळू शकतो. तसेच सोन्याचा मुलामा मिळविण्यासाठी जुने सिरॅमिक प्रोसेसर भंगारात फोडले जातात. खुणा आधी नोंदविल्या नसतील, तर त्या भागाची ओळख त्याबरोबरच नष्ट होते.

हे सुद्धा पहा

मायक्रोप्रोसेसर
परम (महासंगणक)
ई-कचरा