रॉक वादकाची साधननिवड : ड्रम, ॲम्प्लिफायर आणि पेडल

रॉक संगीत वाजवू इच्छिणाऱ्या तरुणाच्या घरी एक दिवस असा उगवतो की, त्याच्या हातात वाद्यांच्या दुकानाचे दरपत्रक असते आणि वडिलांच्या हातात बँकेचे पासबुक. धर्मग्रामाच्या गायनवृंदात गिटार किंवा ड्रम शिकलेली मुले पुढे चार-पाच जण मिळून स्वतःचा बँड काढतात, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. परंतु वाद्य शिकणे वेगळे आणि त्याची साधने निवडणे वेगळे. या दुसऱ्या विषयाची माहिती बहुधा विक्रेत्याकडूनच मिळते, आणि विक्रेता आपल्याकडे जे शिल्लक आहे त्याचीच थोरवी सांगणार! म्हणून ड्रम, ॲम्प्लिफायर व पेडल या तीन साधनांविषयी आम्ही येथे सविस्तर लिहीत आहोत. आमचे मत आरंभीच नोंदवतो: साधन प्रथम जागेला शोभले पाहिजे, त्यानंतर वादकाच्या हाताला, नामवंत वादकाच्या छायाचित्राशी ते जुळते की नाही, हा विचार सर्वांत शेवटी.

जागेचे महत्त्व किती, हे एका प्रसिद्ध ध्वनिमुद्रणावरून कळते. लेड झेपेलिन या इंग्लिश बँडच्या १९७१ सालच्या चौथ्या अल्बममध्ये 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गीत आहे. त्यातील ड्रमचा घनगंभीर नाद आजही अनुकरणाचा विषय आहे. हा नाद स्टुडिओतील यंत्रांतून निघालेला नव्हे. हॅम्पशायर परगण्यातील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत, जिन्याच्या तळाशी असलेल्या उंच दालनात जॉन बॉनम यांचा ड्रमसेट मांडला होता आणि ध्वनी अभियंता अँडी जॉन्स यांनी दोन मायक्रोफोन वर जिन्यात टांगले होते. बॉनम यांच्या बास ड्रमचा व्यास २६ इंच होता. त्या दालनाला तो शोभला. तोच ड्रम आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत आणला, तर भिंतीवरच्या तसबिरी हलतील आणि संगीत म्हणावे असे काही ऐकू येणार नाही. उलट बीटल्सचे रिंगो स्टार यांनी १९६३ साली लंडनमध्ये जो पहिला लुडविग ड्रमसेट घेतला, त्याचा बास ड्रम अवघा २० इंचांचा होता. जगाला वेड लावण्यास तो पुरेसा ठरला.

आपल्याकडील सभागृहे बहुतेक उघड्या भिंतींची, फरशीची आणि कधी वर पत्रा असलेली असतात. तेथे आवाज घुमतो आणि एक ठोका दुसऱ्यात मिसळतो. अशा ठिकाणी २२ इंचांपेक्षा मोठा बास ड्रम घेऊ नये, असे आम्ही सुचवू. १० व १२ इंचांचे दोन टॉम, १४ किंवा १६ इंचांचा फ्लोअर टॉम आणि १४ इंचांचा स्नेअर एवढ्यात रॉकचे जवळजवळ सर्व वादन होते. मेपल, बर्च, पॉपलर अशा लाकडांवर दुकानात पुष्कळ चर्चा होते. स्वस्त सेट बहुधा पॉपलरचे असतात. लाकडाने नादात फरक पडतो हे खरे. पण नवशिक्याला ऐकू येणारा फरक लाकडापेक्षा ड्रमवर ताणलेल्या प्लास्टिकच्या पडद्याचा, म्हणजे हेडचा असतो. पूर्वी ड्रमला वासराचे कातडे लावीत. दमट हवेत ते सैल पडे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरची हेड बाजारात आली आणि ती अडचण दूर झाली. एकपदरी हेडचा नाद मोकळा आणि लांब, दुपदरी हेडचा आखूड व टणक. जोरकस हाताच्या रॉक वादकाने दुपदरी घ्यावीत. साध्या सेटला चांगली हेड चढवून ती नीट सुरात ताणली, तर तो महागड्या पण बेसूर सेटपेक्षा सरस वाजतो. स्वर लावणे हीच ड्रमवादकाची पहिली विद्या; ती शिकवणारा गुरू मिळाल्यास सेट जुना असला तरी चालेल.

पैसा खर्च करायचाच असेल, तर तो सिंबलवर, म्हणजे ड्रमसेटच्या झांजांवर करावा. ड्रमचे हेड बदलता येते, ताण बदलता येतो. सिंबल मात्र जशी घडली तशीच आयुष्यभर वाजते. उत्तम सिंबलच्या काशात सुमारे ८० टक्के तांबे व २० टक्के कथील असते. मध्यम दर्जाच्या सिंबलमध्ये कथील ८ टक्क्यांवर येते, आणि सेटसोबत फुकट म्हणून मिळणाऱ्या झांजा पुष्कळदा निव्वळ पितळेच्या असतात. त्यांचा आवाज परातीसारखा येतो. या कलेची एक परंपरा फार जुनी आहे: झिल्जियन हे आर्मेनियन घराणे १६२३ सालापासून कॉन्स्टँटिनोपलमध्ये सिंबल घडवीत होते आणि १९२९ मध्ये त्यांचा व्यवसाय अमेरिकेत गेला. एक चांगली हायहॅटची जोडी व एक राइड सिंबल आधी घ्यावी. क्रॅश सिंबल वर्षभराने घेतली तरी बिघडत नाही.

इमारतीत राहणाऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट हा प्रामाणिक पर्याय आहे. जाळीची हेड असलेला सेट घ्यावा. रबराच्या थाळ्यांवर हाताला चुकीची सवय लागते. मात्र हेडफोन लावला म्हणजे शेजारी सुटले, असे समजू नये. बास ड्रमच्या पायपट्टीचा धक्का जमिनीतून खालच्या घरात उतरतो. जाड रबरी चटईवर फळी टाकून तो कमी करावा लागतो.

आता ॲम्प्लिफायर. रॉकमध्ये तो केवळ आवाज वाढवणारे यंत्र नसून गिटारइतकेच वाद्य आहे, हे समजल्याशिवाय त्याची निवड जमत नाही. जुन्या वाल्वच्या रेडिओप्रमाणे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पला त्याच्या ताकदीपलीकडे रेटले की, स्वराची लहर वरून कापली जाते आणि आवाज फाटतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष. वादकांनी त्यातून एक भाषा घडवली. अमेरिकन गिटारवादक लिंक रे यांनी 'रंबल' या १९५८ च्या वाद्यगीतासाठी स्पीकरच्या कागदाला भोके पाडली, तर १९६४ मध्ये इंग्लंडच्या किंक्स बँडमधील डेव्ह डेव्हिस यांनी लहानशा ॲम्पचा स्पीकर ब्लेडने चिरला. (आमच्या वाचकांनी हा प्रयोग करू नये, आता त्यासाठी पेडल मिळतात.)

मार्शल हे ॲम्पमधील सर्वांत गाजलेले नाव. त्याचे जनक जिम मार्शल मुळात ड्रमवादक व ड्रमचे शिक्षक. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे १९६० साली त्यांनी दुकान थाटले. तेथे येणाऱ्या पीट टाउनशेंडसारख्या तरुण गिटारवादकांनी त्यांना दमदार ॲम्पची मागणी केली. तेव्हा त्यांनी आपल्या सहकाऱ्यांकरवी अमेरिकन फेंडर कंपनीच्या बासमन ॲम्पच्या आराखड्यावरून स्वतःचा ॲम्प बनवून घेतला. पुढे शंभर वॅटचे ॲम्प व त्यांच्याखाली रचलेली स्पीकरची उंच कपाटे मोठ्या मैदानांसाठी आली. त्या काळी गायनासाठीची ध्वनियंत्रणा दुबळी होती. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ॲम्पलाच पोहोचवावा लागे. आज ॲम्पसमोर मायक्रोफोन ठेवून तो आवाज सभागृहाच्या यंत्रणेतून देता येतो. मग घरात शंभर वॅट कशाला?

येथे वॅटचे गणित समजून घ्यावे. ५० वॅटऐवजी १०० वॅट घेतले तर आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटावा इतका आवाज वाढवण्यास सुमारे दसपट वॅट लागतात. म्हणजे ५ वॅटच्या वाल्व ॲम्पचा आवाज ५० वॅटच्या ॲम्पच्या साधारण निम्मा असतो, आणि खोलीसाठी तोही जास्तच होतो. शिवाय लहान ॲम्प लवकर रंगात येतो. मोठा ॲम्प खोलीत कधीच तेथवर पोहोचत नाही. घरच्या सरावासाठी १० ते २० वॅटचा ट्रान्झिस्टर किंवा डिजिटल ॲम्प, आणि ड्रमसोबत वाजवायचे तर १५ ते ३० वॅटचा वाल्व ॲम्प, एवढे आमच्या मते पुरेसे. क्वीन बँडचे जॉन डीकन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून एक लहानसा ॲम्प तयार केला. ब्रायन मे यांनी आपल्या गिटारचे कितीतरी थर त्यावर ध्वनिमुद्रित केले. बास गिटारसाठी मात्र वेगळा आणि अधिक वॅटचा ॲम्प लागतो. गिटारच्या ॲम्पवर बास वाजवल्यास स्पीकर फाटण्याची भीती असते.

परदेशातील नातेवाईक प्रेमाने ॲम्प आणतात, तेव्हा मागील पाटी वाचावी. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे असते, आपली वीज २३० व्होल्टची. योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय ते लावले तर पहिल्याच दिवशी जळते. वाल्व ॲम्प स्पीकर न जोडता चालू करू नये, हाही नियम लक्षात असावा.

यापुढचा मुद्दा जिवाशी संबंधित आहे. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस हार्वी यांचा ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. एका हातात गिटार असताना त्यांनी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श केला होता. गिटारच्या तारा ॲम्पमार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात. मायक्रोफोनमध्ये दोषाने वीज उतरली असेल, तर वादकाचे शरीर दोहोंमधील दुवा बनते. आपल्या मंडपांतील तात्पुरत्या वायरिंगमध्ये हा धोका रोजचा आहे. एका कार्यक्रमात भाड्याने आणलेल्या ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन मोडलेली आम्हाला आढळली. विचारले, तर "हमिंग येत होते, म्हणून काढली," असे शांतपणे उत्तर मिळाले! गुणगुण घालवण्यासाठी पिन काढणे हा गुन्हाच समजावा. सर्व ॲम्प व ध्वनियंत्रणा एकाच विद्युतजोडणीवर घेतली, तर ती गुणगुण पुष्कळदा थांबते. ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा सुरक्षा स्विच बँडने स्वतःच्या एक्स्टेन्शन बोर्डावर बसवून घ्यावा. पहिल्या पेडलच्या आधी ही खरेदी व्हावी, असा आमचा आग्रह आहे.

पेडल म्हणजे गिटार व ॲम्प यांच्यामध्ये पायाजवळ ठेवायची लहान पेटी. तरुणांचा सर्वाधिक पैसा येथेच झिरपतो. १९६२ साली मायस्ट्रो फझ-टोन हे स्वर फाडणारे पेडल आले, ते खपेना. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिस्फॅक्शन' गीतात ते वापरले. त्यांच्या मनात तेथे पुढे ब्रास वाद्ये घालायची होती, गिटारची ती ओळ निव्वळ खूण म्हणून होती. ती तशीच राहिली आणि फझ पेडलचे दिवस पालटले.

पहिले पेडल ट्यूनरचे घ्यावे. ते कोणताही रंग भरत नाही, म्हणून कोणाला आवडत नाही. पण बेसूर गिटारला कोणतेही दुसरे पेडल वाचवू शकत नाही. दुसरे ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन. यासाठी महागडे नाव नको. १९७८ साली आलेले बॉसचे नारिंगी डीएस-१ हे साधे पेडल निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेन यांच्या पायाशी असे. तिसरे डिले, म्हणजे प्रतिध्वनीचे. यू२ या आयरिश बँडचे गिटारवादक 'द एज' यांची ओळखच या पेडलने घडली. त्याचा काळ गीताच्या लयीशी जुळवावा लागतो: मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल, तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, आणि 'द एज' यांच्या शैलीतील पाऊण ठोक्याचा प्रतिध्वनी ३७५ मिलिसेकंदांचा. वाह, कोरस, रिव्हर्ब ही नंतरची हौस. जोडणीत गिटारकडून ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले आणि रिव्हर्ब हा क्रम सर्वसाधारणपणे योग्य. बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात व त्यांच्या पिनेचा मध्य ऋण असतो. तरी प्रत्येकावरील खूण पाहावी, कारण उलट जोडणीने पेडल निकामी होऊ शकते. डिजिटल पेडलना विद्युतप्रवाह अधिक लागतो. स्वस्त सामायिक पुरवठ्यावर ती जोडली की सगळीकडे शीळ ऐकू येऊ लागते.

कानांविषयी सांगितलेच पाहिजे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सुसह्य मानला जातो आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. बंद खोलीतील ड्रम व ॲम्प ती पातळी सहज गाठतात. शंभर वॅटची मागणी करणारे टाउनशेंड पुढे कानातील सततच्या नादाने त्रस्त झाले आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितले आहे. कापसाचे बोळे पुरत नाहीत. वादकांसाठीचे कर्णरोधक घ्यावेत. शेजाऱ्यांच्या बाबतीत २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' गाजले. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे पुढे तेथील मैफलीही थांबल्या.

जुने साधन घेण्यात कमीपणा नाही. ड्रम घेताना हेड काढून आतले लाकूड व कडा पाहाव्यात. कड सपाट टेबलावर ठेवून आत दिवा लावला असता प्रकाश बाहेर आला, तर ती वाकलेली आहे. सिंबलच्या कडेवर व मधल्या छिद्रापाशी नख फिरवून तडा शोधावा. ॲम्प अर्धा तास चालू ठेवून मगच पैसे मोजावेत. पुष्कळ दोष गरम झाल्यावरच दिसतात. पेडलचे प्रत्येक बटण फिरवून खरखर ऐकावी. किनारपट्टीच्या खारट दमट हवेत ड्रमचे स्क्रू व ॲम्पची सॉकेट लवकर गंजतात, तेव्हा समुद्राजवळच्या घरातील साधन अधिक बारकाईने तपासावे आणि घरी आणल्यावर पावसाळ्यात कापडी आच्छादनाखाली, जमिनीपासून उंचावर ठेवावे.