काढून घेतलेला दावा

मंडळी, मालवणच्या किनाऱ्यावर जमिनीचा दावा कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. सातबाऱ्यावर पंचवीस नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत, दोन-चार कधीच वारलेली आणि वारसनोंद कोणी केलेली नाही. समजा, अशा एका माडाच्या बागेवरून चुलतभावांत सात वर्षं दावा चालला आहे. साक्षीपुरावा संपत आला आणि वादी अर्ज देतो की काही हिस्सेदार पक्षकार करायचे राहिले, दावा काढून घेतो, नव्याने लावायची मुभा द्या. कोर्ट खाली एक शब्द लिहितं, 'मंजूर'. मग प्रतिवादीची सात वर्षं कुठे गेली?

हा एक शब्द लिहायचा अधिकार खालच्या कोर्टाला कितपत आहे, यावर दीडशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. मालवण १८१२च्या तहाने करवीरकरांकडून कंपनीकडे गेलं, पण दिवाणी कामाची एकच संहिता व्हायला १८५९ उजाडलं. तिच्या कलम ९७मध्ये ही मुभा होती. दहाच वर्षांत, १८६९ साली, बंगालमधल्या राजशाहीचं एक प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. तिथे सांगितलं गेलं, की पक्षकार चुकीचे जोडले गेले, दस्तावर पुरेसा स्टॅंप नव्हता, मूल्यांकन चुकलं, अशा कारणांसाठी पुन्हा दावा लावू देणं वेगळं. पुरावा कमी पडला म्हणून वादीला दुसरी संधी देणं वेगळं. पुढे १९०८च्या संहितेत हे आदेश २३, नियम १मध्ये आलं : औपचारिक दोषामुळे दावा फसणार असेल, किंवा इतर पुरेसं कारण असेल, तरच मुभा.

आमच्या उदाहरणात खरी मेख इथेच आहे. हिस्सेदार राहिले हे अर्जात लिहिलंय. पण आदल्याच तारखेला वादीचा साक्षीदार उलटतपासणीत ढासळला असेल तर? 'मंजूर' या शब्दात ते कुठे दिसतं? २००० साली, के. एस. भूपती प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने तर उच्च न्यायालयाने दुसऱ्या अपिलात दिलेली अशी परवानगीच रद्द केली. कारण मुभा देताना प्रतिवादीच्या पदरात पडलेलं काही हिरावलं जातं, ते आधी बघायला हवं.

उलट बाजूही आहे. मुभा न मागता नुसती पुरसिस देऊन दावा काढला, तर त्याच कारणासाठी पुन्हा दावा लावता येत नाही. मग चूक कळली तर? २००६च्या जेट प्लायवूड प्रकरणात कोलकात्याच्या खालच्या कोर्टाचं म्हणणं होतं, की काढलेला दावा परत घ्यायचा आम्हाला अधिकारच नाही. उच्च न्यायालयाने अनुच्छेद २२७खाली ते खोडलं आणि सर्वोच्च न्यायालयाने कलम १५१च्या अंगभूत अधिकारांवर बोट ठेवून उच्च न्यायालयाला दुजोरा दिला. मला हा निकाल आवडतो. अधिकार नाही म्हणून हात झटकणं हीसुद्धा अधिकाराबाबतची चूकच.

कलम ११५चं पुनरीक्षण २००२च्या दुरुस्तीनंतर आखडलं. म्हणून बरेच जण २२७कडे वळतात. त्यासाठी सिंधुदुर्गच्या माणसाला मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, म्हणजे मालवणकर दोनशे वर्षांनी न्यायासाठी पुन्हा करवीरात.

मुभा मिळालेल्यांनीही एक ध्यानात ठेवावं. नियम २ सांगतो की नव्या दाव्याची मुदत मोजताना पहिला दावा झालाच नव्हता असं धरायचं. मालकीवरून ताबा मागायला बारा वर्षं. त्यातली सात तर कोर्टातच गेलेली. आणि वादी चौघे भाऊ असतील, तर बाकीच्या तिघांच्या संमतीशिवाय एकट्याला अशी मुभा कोर्ट देऊ शकत नाही. ते तिघे मुंबईत, त्यातल्या एकाशी बोलणं बंद.