नोटांच्या गावात सुट्टे पैसे

नाशिक रोडला राहणाऱ्याला बाहेरगावचे पाहुणे एक विनोद हमखास ऐकवतात: तुमचं काय बुवा, नोटा घरच्याच! १९२८ पासून इथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर काही महिने हा विनोद कुणी केला नाही. प्रेसमध्ये सुट्टीच्या दिवशीही छपाई चालू होती आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आम्ही एटीएमच्या रांगेत उभे होतो.

त्या आठवड्यात आमच्या तांदळाच्या डब्यातून पाचशेच्या नऊ नोटा निघाल्या. आईच्या. बाबांना पत्ताच नव्हता. नोटा बँकेत भरायच्या म्हणजे सांगणं आलंच. कुणी ब्रसुद्धा काढला नाही, पण तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

मोबाइलने पैसे देणं नोटबंदीमुळे रुजलं, असं आपण सर्रास म्हणतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. टंचाईमुळे लोक तिकडे वळले खरे, पण टंचाई संपल्यावर त्यांनी तिथे का थांबावं? मुरबाड तालुक्यातलं धसई बघा. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून ते गाजलं, दुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली. पण नेटवर्क जायचं, व्यवहारामागे दुकानदाराचे पैसे कापले जायचे. नोटा मिळू लागल्या तसं गाव बरंचसं रोखीवर परतलं. आपल्या लासलगावला तेव्हा कांद्याचे पैसे चेकने मिळू लागले होते. चेक वटायला दिवस लागत, आणि शेतकऱ्याला मजुरी तर लगेच द्यायची असते.

मग टिकलं ते कशामुळे? माझ्या मते ग्राहकापेक्षा विकणाऱ्याकडे बघावं. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे नोटबंदीच्या आधीच सुरू झालं होतं. पैसे कुठल्याही ॲपमधून कुठल्याही बँकेत थेट जात. केनियात २००७ पासून चालणाऱ्या एम-पेसासारखं आधी एजंटकडे रोख भरून मोबाइलमधलं खातं भरायची गरज नव्हती. जानेवारी २०२० पासून दुकानदाराला यूपीआयवरचं शुल्कही उरलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की क्यूआर कोड एकाच कंपनीपुरता चालणार नाही. म्हणजे धसईत जे नडलं, त्यातलं निम्मं तरी निघालं. नेटवर्क अजूनही जातं, ते सोडा.

बिटको चौकाजवळ आम्ही ज्या मावशींकडून भाजी घेतो, त्यांना यातलं काही सांगितलं तर हसतील. त्यांची अडचण सुट्ट्यांची होती. सकाळी भवानीलाच कुणी वीस रुपयांच्या मेथीसाठी पाचशेची नोट काढायचं. मग शेजारच्याकडे धाव, नाहीतर ‘उद्या द्या’. ते उद्याचे पैसे किती बुडाले, त्याचा हिशेब त्यांनी कधी केला नाही. पुढे पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारा डबा आला. गिऱ्हाईक खोटा स्क्रीन दाखवून निघून तर गेलं नाही ना, ही धास्ती गेली. मावशींना अक्षरओळख जेमतेम आहे, आकडा मात्र त्या कानाने टिपतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने एका महिन्यात १००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. पण नोटबंदीच्या वेळी चलनात सुमारे १८ लाख कोटी रुपये रोख होते, ते २०२४ पर्यंत जवळपास दुप्पट झाले. प्रेस काही ओस पडली नाही. लोकांनी रोख सोडलेली नाही, कामं वाटून दिली आहेत.

आमच्याकडची वाटणी सांगतो. आई घरात सगळ्यात शेवटी स्कॅन करायला शिकली, पण आता दूध, भाजी, रिक्षा सगळं फोनवर. भिशी मात्र रोख. मी म्हटलं, अगं, तीही फोनवरूनच पाठव की.

‘‘आणि पासबुक भरून कोण आणतं?’’ ती म्हणाली. ‘‘तुझे बाबाच ना?’’